दारातली गाडी

एक डोळा मिटायचा, हात लांब करायचा, हातात असेल ती वस्तू उभी धरायची आणि तिच्यावरून अंगठा वर-खाली सरकवायचा. मग ती पेन्सिल असो, पाना असो नाहीतर कोथिंबिरीची जुडी. आमच्या गल्लीतले सर सगळ्या जगाचं माप असं घ्यायचे. हयात हायस्कुलात चित्रकला शिकवण्यात गेलेली. शाळा सुटली, हाताची सवय काही सुटली नाही. मी औषधांचं दुकान काढलं तेव्हा बोर्ड लावणाऱ्याला ते रस्त्याच्या पलीकडून ओरडून म्हणाले, "उजवीकडं कललाय." तो शिडीवरून म्हणाला, "सरळ हाय की ओ." त्यावर सरांचं ठरलेलं वाक्य आलं, "नुसतं डोळं उघडं हाईत तुझं. बघतोस कुठं?" बोर्ड खरंच कललेला होता. अजून आहे.

हे वाक्य गल्लीत सगळ्यांनी ऐकून घेतलेलं आहे. भाजीवाल्यानं, पोस्टमननं, देवळातल्या पुजाऱ्यानं आणि माझ्या बायकोनंसुद्धा. आवाज मोठा, बोलणं रोखठोक आणि पोटात काही ठेवायचं नाही. असं माणूस प्रत्येक गल्लीत एक तरी असतं. तुमच्या गल्लीत दिसत नसेल, तर तो मान कदाचित तुमच्याकडेच आलेला असेल, जरा चौकशी करून बघा.

सर आता नाहीत. त्यांच्याबद्दल सांगायचं म्हटलं की मला त्यांची चित्रं आठवत नाहीत, त्यांच्या गाडीचा टायमिंग बेल्ट आठवतो. हसू येत असेल तर हसून घ्या, कारण पुढे फारसं हसण्यासारखं नाही.

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांना विसरायला होऊ लागलं हे गल्लीच्या आधी मला कळलं, कारण डॉक्टरांची चिठ्ठी माझ्याकडे आली. औषधाचं नाव वाचलं आणि मी सरांकडे न बघता कपाटाकडे वळलो. दुकानदाराला ही एक सोय असते. सर म्हणाले, "वाचलंस न्हवं? मग गप बस. गल्लीला सांगायचं तवा मी सांगीन." आणि दुसऱ्याच दिवशी कट्ट्यावर बसून त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं.

काकू आधी भाजीत मीठ दोनदा घालू लागल्या. मग शेजारणींची नावं गेली, वार गेले, सण गेले. इचलकरंजीला दिलेली एकुलती एक मुलगी, सुनीता, तिचंही नाव गेलं. सुनीता फोनवर रडायची. सर तिला म्हणायचे, "नाव गेलं म्हणून काय झालं? तुझा आवाज आला की हसती की ती." फोन ठेवल्यावर मात्र ते बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत बसायचे.

एक गोष्ट गेली नाही. सरांनी निवृत्त झाल्यावर एक लहानशी पांढरी गाडी घेतली होती. ती दारात नसली की सर बाहेर गेलेत, दारात लागली की सर घरी आलेत, हे काकूंच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की बाकी सगळं पुसलं तरी ते राहिलं. फक्त त्याची एक विचित्र गाठ बसली. आधी गाडीवरून सरांचा ठावठिकाणा कळायचा, आता गाडीवरूनच सरांची ओळख पटायला लागली. गाडी दारात असेल, तर घरात वावरणारा हा माणूस आपला नवरा. गाडी नसेल, तर हा कोणीतरी परका.

हे लक्षात आलं ते गाडी क्लचच्या कामाला गॅरेजमध्ये गेली तेव्हा. गाडी तिथं सोडून सर चालत घरी आले. काकूंनी दार अर्धं उघडलं आणि म्हणाल्या, "ते घरात न्हाईत. ते आल्यावर या."

सरांना आधी चेष्टा वाटली. "अगं, मीच की," ते म्हणाले. काकू घाबरल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज समोरच्या माझ्या दुकानापर्यंत आला.

मला वाटलं, आता सरांचा आवाज चढणार. पण ते पायरीवर बसले. थोड्या वेळानं काकूंनी खिडकीतून विचारलं, "पावणं, पाणी देऊ काय?" सर म्हणाले, "द्या की." ते पाणी प्याले, तांब्या परत दिला, "बरं वाटलं" म्हणाले आणि पुन्हा तिथंच बसून राहिले. गाडी परत येईपर्यंत दिवसा त्यांचा मुक्काम स्वतःच्या पायरीवर आणि झोपायला आमच्या हॉलमध्ये. काकूंच्या सोबतीला शेजारीण आत. मला म्हणाले, "लग्नाला इतकी वर्सं झाली, पर बायकोनं पावणं म्हणून मान कवा दिला न्हवता." असं म्हणून हसले. मला ते हसणं बघवलं नाही, मी उगाच गोळ्यांची खोकी इकडची तिकडे करत राहिलो.

त्यानंतर गाडी दारातून एकटी कधी हलली नाही. रोज संध्याकाळी सर काकूंना शेजारी बसवून रंकाळ्याच्या बाजूनं एक चक्कर मारून आणायचे. काकू पातळ बदलून, मांडीवर पर्स घेऊन बसायच्या. पर्समध्ये काही नसायचं. पण गाडीत बसल्या की त्या पहिल्यासारख्या बोलायच्या म्हणे. "तेवढ्या येळात ती माझ्यासंगं भांडती," असं सर मोठ्या अभिमानानं सांगायचे. बायको भांडते याचा अभिमान वाटणारा दुसरा नवरा मी अजून पाहिलेला नाही.

आता बेल्टकडे येतो. गल्लीच्या तोंडाला रफिकभाई मिस्त्रींचं गॅरेज आहे. एकदा चक्कर मारून येताना सरांनी गाडी तिथं उभी केली आणि काकू आत बसलेल्या असतानाच रफिकभाईंनी इंजिन बघितलं. त्यांचं तोंड उतरलं. नंतर ते माझ्या काउंटरवर आले आणि मला समजावून सांगू लागले. इंजिनात वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन यांना एका तालात ठेवणारा एक दातेरी रबरी पट्टा असतो, तो टायमिंग बेल्ट. तो चालत्या गाडीत तुटला की ताल चुकतो, पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाचा निकाल लागतो. हे सांगताना त्यांनी एका मुठीवर दुसरी मूठ आपटून दाखवली. "चिरा पडल्यात बेल्टाला. आज तुटंल, न्हाईतर म्हैन्यानं तुटंल. आन तुटला तर या गाडीला दुसरं इंजिन घालत बसायला कुणाला परवडतंय? भंगारातच जायची."

सरांना ते म्हणाले, "सर, दोन दिस गाडी सोडा माझ्याकडं."

सर म्हणाले, "सोडता येत न्हाई."

का, ते रफिकभाईंना ठाऊक होतं. त्यांनी दुसरा मार्ग काढला, आणि हत्यारं घेऊन ते स्वतः सरांच्या दारात आले. बॉनेट उघडतात न उघडतात तोच काकू लाटणं घेऊन बाहेर. "अहो, बघत काय बसलाय? गाडी खोलाय लागलाय त्यो." सर मध्ये पडले, रफिकभाईंचं नाव सांगितलं, शपथा घातल्या. काहीएक चाललं नाही. रफिकभाई लहानपणापासून काकूंच्या हातची पुरणपोळी खाऊन वाढलेला माणूस. ते हत्यारं गोळा करून फाटकाबाहेर गेले आणि पाठमोरे उभे राहून त्यांनी बाहीनं डोळे पुसले. काकूंचा राग आला होता असं नाही. आपण काकूंच्या आठवणीतून पुसले गेलो, याचं त्यांना वाईट वाटलं होतं.

आता गाडीला हात लावू शकणारा माणूस एकच उरला. सर म्हणाले, "मीच घालतो."

रफिकभाई म्हणाले, "सर, हे चित्र काढायचं काम न्हाई. एक दात इकडचा तिकडं झाला तर सगळं गेलं."

"तू सांग. मी बघतो."

सरांनी आयुष्यात चाक बदलण्यापलीकडे गाडीचं काही केलेलं नव्हतं. इंजिन गेलं तर गाडी गेली, आणि गाडी गेली तर सर आपल्याच घरात कायमचे पाहुणे. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे नेहमी चेष्टा करणारे लोकही त्या दिवसांत गप्प होते.

तेव्हा नवरात्र चालू होतं. सरांनी जॅक लावून पुढचं उजवं चाक काढलं, गाडीखाली लाकडाचे ठोकळे रचले आणि शाळेतून आणलेल्या जुन्या स्टुलावर बसून काम सुरू केलं. मोबाइलवर हिंदीत कोणीतरी तेच काम करून दाखवत असायचा. त्याचा आवाज इतका मोठा की गल्लीला तो माणूस पाठ झाला. शिवाय रफिकभाई. त्यांना आत येता येत नव्हतं, म्हणून ते गॅरेजमधून उसंत मिळाली की यायचे आणि कुंपणाच्या भिंतीबाहेरून सूचना द्यायचे. दसऱ्याआधी गॅरेजवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, तरी ते यायचे. "पाना उलटा लावलाय की ओ सर." "पाइप घाला पान्याला, जोर पुरत न्हाई." सर आतून ओरडायचे, "बोंबलू नको, ती उठंल." दोघांच्या त्या आवाजानंच काकू उठायच्या.

काकूंना गॅसजवळ जाऊ देत नसत. तरी त्या कपबशीत नळाचं पाणी घालून आणायच्या आणि म्हणायच्या, "च्या घ्या." सर पाना खाली ठेवून, काळे हात चड्डीला पुसून, बशीत ओतून, फुंकर घालून ते पाणी प्यायचे. "साखर जरा कमी पडली," असंही म्हणायचे. काकू आत जाऊन दुसरा कप आणायच्या. "आता?" "आता बेस्ट." असे किती कप होत असतील देव जाणे. एकदा मी समोर होतो, तर काकूंनी मलाही दिला. मी नुसताच गटकन प्यायलो. सर म्हणाले, "फुक मार की. गरम हाय."

मी फुंकर मारली.

जुना बेल्ट काढण्याआधी एक काम फार महत्त्वाचं असतं. वरचं दातेरी चाक आणि खालचं दातेरी चाक ज्या जागी थांबलं असेल तिथं, आणि समोर इंजिनाच्या अंगावर, रंगानं खुणा करायच्या. नवा बेल्ट चढवताना खूण खुणेसमोर आली पाहिजे. चाकांवर कंपनीच्याही खाचा असतात, पण त्या गाडीवर इतक्या वर्षांचं काळं वंगण थापलेलं होतं की खाच दिसायची सोय नव्हती. रफिकभाई भिंतीबाहेरून म्हणाले, "चांगला रंग लावा, सर."

"रंगाचं मला सांगतोस?" सर म्हणाले. आतून बारीक ब्रश आणि पांढऱ्या रंगाची बाटली घेऊन आले, एक डोळा मिटला आणि केसाइतक्या बारीक रेघा ओढल्या. मी बघायला गेलो होतो. अशा सुबक खुणा जगात कुठल्या इंजिनावर नसतील. मग त्यांनी जुना बेल्ट उतरवला. त्याच्या पाठीवर बोट फिरवून चिरा बघितल्या आणि म्हणाले, "ह्यो फाटका पट्टा धरून आमचा संसार चालला हुता बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर काकूंच्या गोळ्या न्यायला दुकानात आले. नवा बेल्ट तेवढा चढवायचा राहिलाय, संध्याकाळी चक्कर मारणार, असं म्हणाले. कितीतरी दिवसांनी खुशीत होते, थोडे रेंगाळले. गेल्यावर बघतो तर गोळ्यांचं पाकीट काउंटरवरच. मी ते घेऊन मागोमाग गेलो.

सर फाटकाच्या आत उभे होते. पुढे काकू.

काकूंनी ओल्या फडक्यानं उघडं इंजिन घासून पुसून काढलं होतं. वरचं चाक, खालचं चाक, मधल्या सगळ्या सांदी. मग प्रत्येकाला हळदीकुंकू वाहिलं होतं. पाने, जॅक, पाइप पाटावर ओळीनं मांडून त्यांनाही हळदीकुंकू. कुंडीतल्या झेंडूची फुलं बॉनेटच्या कडेनं ठेवलेली. कांद्यात खोचलेली उदबत्ती जळत होती. सरांच्या चित्रकलेचा लाकडी टी-स्क्वेअर माळ्यावर पडून असायचा. तो काकूंनी कसा काढला कोण जाणे, पण तोही पाटावर होता. दरवर्षी खंडेनवमीला काकू हत्यारांची आणि गाडीची पूजा करायच्या, तशीच त्यांनी ती मांडली होती. आणि त्या दिवशी खरोखरच खंडेनवमी होती.

पांढऱ्या रेघा सगळ्या फडक्यावर गेल्या होत्या. सरांनी वापरला होता तो शाळेचा पोस्टर कलर. जन्मभर पोरांना पोस्टर कलरमध्ये पाणी घालायला शिकवलेल्या माणसाला तो पाण्यानं जातो हे सुचलं नव्हतं. कारण कुठल्या मिस्त्रीच्या इंजिनाला कोणी ओलं फडकं लावून पूजा घालत नाही. शिवाय पुसता पुसता वरचं चाक हललेलं होतं. मोकळं चाक ते, हलणारच.

मी पाकीट हातात धरून तसाच थांबलो. सर ओरडतील, याची मला खात्री होती. साध्या बोर्डासाठी रस्ता दणाणून सोडणारा माणूस. काकू म्हणाल्या, "आज हत्याराला हात लावायचा न्हाई. खंडेनवमी हाय."

सर म्हणाले, "व्हय की. इसरलोच हुतो."

त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि त्या उघड्या इंजिनाला नमस्कार केला. काकूंनी त्यांच्या तळहातावर साखर ठेवली, माझ्याही ठेवली.

नंतर ते बाहेर माझ्याजवळ कट्ट्यावर येऊन बसले. मी म्हणालो, "सर, आता खुणा?" त्यांनी खांद्यावरचा टॉवेल मांडीवर घेतला. मग बोलले, आणि इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "तिला कुणी सांगितलं न्हाई रं. घट बसलं तेबी तिला ठावं न्हवतं. माझ्या डोक्यात बेल्ट, म्या सणच इसरलो. आन ती इसरली न्हाई." मग त्यांनी तोंडावर टॉवेल धरला आणि माणसं शेजारी बसलेली असताना मोठ्यानं रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मलाही रडू येत होतं, आणि त्यात दुःख किती आणि आनंद किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

त्या दिवशी त्यांनी हत्याराला हात लावला नाही. संध्याकाळची चक्कर चुकली. काकू पर्स घेऊन तीन चाकांच्या गाडीजवळ खुर्ची टाकून बसल्या आणि तशाच पेंगल्या.

दसऱ्याच्या सकाळी रफिकभाई भिंतीबाहेर हजर. पोस्टर कलरचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "सर, तुम्हीसुदीक?"

सर आतून म्हणाले, "आता शिकवू नको. ती खाच कशी असती सांग."

आणि खाच दिसली. काकूंनी घासून काढलेल्या त्या चाकावर, वंगणाच्या खाली इतकी वर्षं बुजलेली कंपनीची खाच आता स्वच्छ दिसत होती. खालच्याही चाकाची दिसली. सर हळूहळू वरचं चाक पान्यानं परत जागेवर आणू लागले. काळा घाम कपाळावरून डोळ्यात उतरत होता. रफिकभाई म्हणाले, "ते कुंकू पुसून घ्या, सर, नीट दिसंल." सर म्हणाले, "न्हाई पुसायचं. मला दिसतंय."

बेल्ट चढवला. ताण देणारी पुली घट्ट केली. रफिकभाई भिंतीवर ओणवे होऊन म्हणाले, "आता चावी मारायची न्हाई. खालचं चाक पान्यानं फिरवा, हातानं, दोन फेऱ्या. अडकलं तर जोर लावू नका. अडकलं म्हंजे व्हॉल्व्ह लागला."

सरांनी पाना लावला. चाक थोडं फिरलं आणि अडकलं.

सरांचा हात पान्यावर तसाच राहिला. जोर लावला असता तर ते फिरलंही असतं, आणि आतलं वाकलं असतं. त्यांनी पाना सोडला. माझ्याकडे बघितलं, मग व्हरांड्यात बसलेल्या काकूंकडे. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ते म्हणाले, "एक दात पुढं गेलाय." आणि पुन्हा पुली सैल करून, बेल्ट उतरवून पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या वेळी चाक फिरलं. एक फेरी, दुसरी फेरी, खाच परत खाचेसमोर. मग गाडीचं चाक बसलं, जॅक निघाला, सर गाडीत बसले आणि त्यांनी चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. रफिकभाईंनी भिंतीबाहेर कोणालातरी मिठी मारली. तो कोणीतरी वाटेनं चाललेला अनोळखी माणूस होता. काकू उठल्या, पर्स घेतली आणि जाऊन पुढच्या सीटवर बसल्या. चक्कर मारून येताना दोघं आपट्याची पानं घेऊन आली आणि भिंतीबाहेर उभ्या असलेल्या रफिकभाईंच्या हातावर काकूंनी सोनं ठेवलं. कोणाला देतोय हे त्यांना माहीत नव्हतं. पण दिलं.

थंडी संपता संपता एका सकाळी सर आंघोळीला गेले आणि न्हाणीतच कोसळले. आम्ही ॲम्ब्युलन्समधून नेलं, पण दवाखान्यात पोचायच्या आतच ते गेले होते. गाडी दारातच राहिली.

आणि गाडी दारात होती म्हणून काकू रडल्या नाहीत. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. लोक भेटायला यायचे, खाली मान घालून बसायचे. काकू त्यांना पाणी द्यायच्या आणि म्हणायच्या, "आंघोळीला गेल्यात. येतील, बसा." सुनीतानं आईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, तेव्हा काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आम्हाला विचारलं, "ह्या पोरीचं कोण गेलं?" मी दुकानात आलो आणि शटर निम्मं खाली ओढून बसून राहिलो. ज्या गाडीसाठी त्या माणसानं एवढं केलं, तिनं त्याच्यासाठी रडणारी बायकोही ठेवली नाही. असं माझ्या मनात आलं, आणि आलं याचं वाईटही वाटलं.

सुनीता आईला इचलकरंजीला न्यायला आली. तिच्या नवऱ्याचा यंत्रमागावर कापड विणायचा कारखाना आहे, घर मोठं आहे. तिनं ड्रायव्हरसकट आणलेल्या गाडीत काकू पाय ठेवेनात. शेवटी सरांचीच गाडी न्यायची ठरली. सुनीताला चालवता येत नव्हती, ड्रायव्हर तिच्या गाडीला हवा होता, म्हणून मी निघालो. काकू पर्स घेऊन पुढच्या सीटवर लगेच जाऊन बसल्या. मी चालवायच्या बाजूचं दार उघडलं. रफिकभाईंवर उगारलेलं लाटणं मला आठवत होतं.

मी बसलो. काकूंनी वळून माझ्याकडे बघितलं. मी समोर बघत राहिलो, चावीला हात लावला नाही.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "काच खाली घ्या. उकडतंय."

मी काच खाली घेतली. चावी फिरवली.

पंचगंगेचा पूल ओलांडला, शिरोली गेली. मागून सुनीताची गाडी येत होती. मी तोंडातून एक शब्द काढत नव्हतो, आवाज ऐकला तर ओळख मोडेल, या भीतीनं. काकू मात्र सहज बोलत होत्या. ऊस तुटून गेला की रान कसं भकास दिसतंय. तो औषधवाला लई बोलतो, दुकान कसं चालतंय त्याचं कुणास ठाऊक. मी मान डोलावली.

मग हातकणंगल्याच्या अलीकडे त्या म्हणाल्या, "मधी तुम्ही न्हवता तवा एक माणूस यायचा बघा दारात. म्हातारा. मी म्हटलं, ते आल्यावर या. तर कवा भांडला न्हाई. पायरीवर बसायचा गप. पाणी दिलं की प्यायचा." त्यांनी बाहेर बघितलं. "लई चांगला माणूस हुता. मला वाटायचं, आत घ्यावं. पर तुम्ही घरात न्हाई, कसं घ्यायचं? त्यो परत आला तर आत बोलवा त्याला."

मला रस्ता नीट दिसेना. मी गाडी हळू केली. मी मान हलवून हो म्हटलं.

सुनीताच्या दारात गाडी थांबली. शेजारच्या कारखान्यात मागांचा खडखडाट चालू होता. काकू उतरल्या, पदर सावरला आणि काचेतून वाकून मला म्हणाल्या, "सावलीत लावा." मी गाडी लिंबाच्या सावलीत लावली, किल्ल्या सुनीताकडे दिल्या आणि स्टँडवर जाऊन कोल्हापूरची एस.टी. पकडली. "त्यो परत आला तर आत बोलवा त्याला" हे वाक्य मी तोंडात धरून ठेवलं होतं, एकच माणूस होता ज्याला जाऊन सांगायचं होतं. गल्लीत पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. सवयीनं मी सरांच्या फाटकापर्यंत गेलो, आणि तिथं कुलूप होतं.